परत येणाऱ्यास वाट द्यावी. गादी देऊ नये



गेल्या भीमजयंतीच्या तयारीसाठी आपल्या जिल्ह्यातील एका गावी विहारात बैठक भरली होती व मलाही तिचे बोलावणे होते. वर्गणी, मंडप, मिरवणुकीचा मार्ग हे सर्व सुरळीत ठरले. आणि शेवटी विषय निघाला तो एका तरुणाचा. हा तरुण पूर्वी धर्मरक्षणाच्या नावाने फिरणाऱ्या टोळक्यात होता. आपल्या वस्तीवरून जाताना मुद्दाम थांबून घोषणा देणाऱ्यांत तो होता, आणि एका दंग्याच्या दिवशी आपल्यापैकी एका वृद्ध गृहस्थाची टपरी उलथविणाऱ्यांतही तो होता. दोन वर्षांपासून तो त्या संगतीतून बाहेर पडला आहे. 'जयंतीच्या सभेत मला चार शब्द बोलू द्यावेत,' असा त्याचा निरोप आला होता.

बैठकीत तत्काळ दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, त्याला विहाराच्या उंबऱ्याशीही उभा करू नका. दुसरा म्हणे, विरोधकांच्या गोटातून माणूस आपण होऊन आला आहे, त्याला हार घाला व प्रमुख वक्ता करा. रात्रीचे अकरा वाजले तरी वाद मिटेना. अखेर मला विचारण्यात आले, 'वकीलसाहेब, आपले मत काय?' दोन्ही मते मला मान्य नाहीत, एवढेच मी त्या रात्री सांगू शकलो. त्यामागची कारणे सविस्तर मांडावीत म्हणून हा लेख लिहीत आहे. ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्यापुढे असे प्रसंग आज ना उद्या येणार आहेत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, धर्मांधतेचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला परका नाही. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्याच नगर शहरात विष्णु करकरे याचे 'डेक्कन गेस्ट हाऊस' होते. करकरे हा अनाथाश्रमात वाढलेला, चहाच्या दुकानांतून कामे करून पोट भरलेला मनुष्य. पुढे तो हिंदुमहासभेचा कार्यकर्ता व नगरपालिकेचा सभासद झाला. १९४७ साली फाळणीने घरदार गमावलेले हजारो निर्वासित या प्रांतात आले व श्रीगोंदे तालुक्यातील विसापूर येथे त्यांची छावणी पडली. मदनलाल पाहवा हा पंजाबी तरुण त्या निर्वासितांपैकी एक होता. त्याने डोळ्यांनी पाहिलेले दुःख खोटे नव्हते. परंतु त्या दुःखाला करकरेच्या गोटात जे वळण मिळाले, ते सर्वनाशाचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस नगर शहरात बाँब फुटले. मोहरमच्या मिरवणुकीच्या वेळीही फुटला. जानेवारी १९४८ मध्ये रावसाहेब पटवर्धनांची ऐक्याची सभा मदनलालने उधळली. २० जानेवारीस त्याने दिल्लीत बिर्ला भवनात स्फोट केला, आणि त्यानंतर दहा दिवसांनी नथुराम गोडसे याने गांधीजींचा खून केला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. द्वेषाच्या कारखान्याला लागणारा कच्चा माल म्हणजे खऱ्या दुःखाने पोळलेला, एकाकी व मानासाठी आसुसलेला तरुण. अनाथाला तेथे घर मिळते, निर्वासिताला शत्रू दाखविला जातो, बेकाराला कामगिरी मिळते. जो तेथे जातो तो जन्मतः राक्षस असतो असे मानणे ही आपली सोय आहे. ते सत्य नव्हे. आणि द्वेष एकाच बाजूस राहतो असेही नाही. गांधीजींच्या खुनानंतर महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. ज्यांचा त्या कटाशी काडीचाही संबंध नव्हता अशी कुटुंबे केवळ जातीमुळे उघड्यावर आली. खुनी एका जातीचा म्हणून त्या सबंध जातीला शिक्षा, हा न्याय आपण तरी कसा मान्य करावा? पिढ्यान् पिढ्या आपणांस जी शिक्षा झाली ती जन्माचीच होती ना?

आता प्रश्न असा की, त्या वाटेने गेलेला मनुष्य परत आला असे केव्हा म्हणावे? याचेही उत्तर त्याच खटल्यात सापडते.

लाल किल्ल्यातील त्या खटल्यात दिगंबर बडगे हा माफीचा साक्षीदार झाला. पुण्यात शस्त्रांचे दुकान चालविणारा हा मनुष्य कटात सामील होता. १९४८ साली त्यास माफी देण्यात आली व त्याच्या जबानीवर सरकारपक्षाची बरीच भिस्त होती. अशी माफी देण्याची तरतूद तेव्हाच्या फौजदारी कायद्यात होती. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४३ व्या कलमातही ती आहे. परंतु ती काय आहे हे नीट समजून घ्यावे. तो एक सौदा आहे. आरोपीने सर्व खरे सांगावे आणि त्याबदली राज्याने त्यास शिक्षेतून सोडावे. त्याचे मन पालटले की नाही, हे न्यायालय विचारीत नाही. म्हणूनच अशा साक्षीदारावर दुसऱ्या पुराव्याचा आधार असल्याविना विसंबू नये, असे न्यायाधीश पिढ्यान् पिढ्या बजावीत आले आहेत. स्वतःची कातडी वाचविण्यासाठी बोलणारा उपयोगी पडू शकतो. परंतु तो परत आला असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार शिक्षा भोगून आलेल्यांचा. करकरे, मदनलाल व गोपाळ गोडसे यांना जन्मठेप झाली आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये ते सुटले. नोव्हेंबरात पुण्यात त्यांच्या सुटकेप्रीत्यर्थ सत्यविनायकाची पूजा घालण्यात आली. त्या समारंभातील भाषणांनी देशभर खळबळ उडाली व त्यातूनच पुढे चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती कपूर यांनी आपला अहवाल १९६९ साली सादर केला. गोपाळ गोडसे २००५ साली वारले. त्यांनी अखेरपर्यंत पश्चात्ताप व्यक्त केला नाही. कायद्याच्या दृष्टीने या तिघांचा हिशेब १९६४ सालीच पुरा झाला होता. परंतु तुरुंगाचे दार उघडणे आणि मनाचे दार उघडणे या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या समाजात सुटून आलेल्यास पूजा घालून मान मिळतो, त्या समाजात पश्चात्तापाची गरज तरी कोणास वाटेल?

तिसरा प्रकार विरळा आहे. त्याचे एक उदाहरण परदेशातील आहे व ते सांगण्याजोगे आहे. माजिद नवाझ हे १९७७ साली इंग्लंडमध्ये एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबात जन्मले. पोरवयात वर्णद्वेषी गुंडांच्या हल्ल्यांची धास्ती त्यांनी अनुभवली. सोळाव्या वर्षी ते 'हिज्ब उत्-तहरीर' या खिलाफतवादी संघटनेत शिरले व तिचे प्रचारक झाले. कायद्याचा व अरबी भाषेचा अभ्यास करीत असता ते इजिप्तला गेले. तेथे एप्रिल २००२ मध्ये त्यांना अटक झाली व मार्च २००६ पर्यंत ते तुरुंगात होते. पूर्वी ज्यांनी राष्ट्राध्यक्ष सादत यांच्या खुनात भाग घेतला होता व तुरुंगात वीस वर्षे विचार करून ज्यांची मते पालटली होती, असे वृद्ध कैदी त्यांना तेथे भेटले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 'अॅम्नेस्टी इंटरनॅशनल' या मानवी हक्कांच्या संस्थेने त्यांची बाजू घेतली. या तरुणाचे विचार त्या संस्थेस मुळीच मान्य नव्हते. तरीही केवळ विचारांसाठी कोणास कोंडून ठेवू नये, या तत्त्वाने ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. ज्यांना आपण शत्रू समजत होतो तेच आपल्या हक्कांसाठी झगडतात, या एका अनुभवाने त्यांच्या मनाचा बांध फुटला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

वाचकहो, हक्काची भाषा बोलणाऱ्या आपणां सर्वांसाठी यात मोठा धडा आहे. विरोधकालाही न्याय मिळावा असे म्हणणे हा दुबळेपणा नव्हे. दंडुक्याने जे साधले नाही, ते येथे एका तत्त्वनिष्ठ पत्राने साधले.

तथापि ही कथा येथे संपत नाही. नवाझ यांनी २००७ साली ती संघटना सोडली व २००८ साली 'क्विलियम' नावाची अतिरेकविरोधी संस्था काढली. तिला सरकारी पैसा मिळाला. नवाझ यांचे आत्मचरित्र निघाले, २०१५ साली ते पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहून पडले आणि पुढे लंडनच्या एका नभोवाणी केंद्रावर त्यांचा नित्याचा कार्यक्रम सुरू झाला. दरम्यान २०१० साली त्यांच्या संस्थेचे एक गोपनीय टिपण बाहेर फुटले. शांततेने काम करणाऱ्या काही मुस्लिम संस्थांवरही त्यात ठपका ठेवल्याने त्या समाजात संताप उसळला. उलट, २०१६ साली अमेरिकेतील एका नामांकित हक्कसंस्थेने खुद्द नवाझ यांनाच मुस्लिमविरोधी प्रचारकांच्या यादीत घातले. २०१८ साली तिला माफी मागावी लागली व ३३ लाख ७५ हजार डॉलर द्यावे लागले. यादीत नाव घालणे किती सोपे व ते पुसणे किती महाग, हे दोन्ही बाजूंनी दिसले. पुढे २०२१ साली ती संस्था बंद पडली. करोनाच्या साथीविषयी निराधार कटकथांना नवाझ हवा देत आहेत अशी टीका त्यांच्यावर होऊ लागली व जानेवारी २०२२ मध्ये त्यांचा नभोवाणीवरील कार्यक्रमही थांबला.

ते पुन्हा जुन्या संघटनेत गेले नाहीत, हे खरे. परंतु वयाच्या सोळाव्या वर्षी संपूर्ण सत्य हाती आल्याची व ते जगाला ओरडून सांगण्याची जी सवय जडते, ती पक्ष बदलल्याने जातेच असे नाही, असे मला या कथेवरून वाटते. आणि या दोषाचा निम्मा वाटा ऐकणाऱ्यांकडे जातो. परत आलेल्या माणसाला त्यांनी विसावा दिला नाही, शिकण्यास अवधी दिला नाही; त्याला तडक ध्वनिक्षेपकापुढे बसविले आणि त्याचा पूर्वीचा अपराध हीच त्याची विद्वत्ता ठरविली. जो आगीतून आला तो आगीविषयी सांगू शकेल. परंतु घर कसे बांधावे हे त्यास तेवढ्याने कळते काय?

याच्याशी आपल्या जवळचे एक उदाहरण ताडून पाहा. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यातील भंवर मेघवंशी हे दलित कुटुंबात जन्मलेले गृहस्थ. तेराव्या वर्षी ते संघाच्या शाखेत जाऊ लागले. तेथे खेळ होता, शिस्त होती, कोणी नावाने हाक मारणारे होते. १९९० साली ते कारसेवेस निघाले व वाटेतच पकडले जाऊन आग्र्यास स्थानबद्ध झाले. पुढल्याच वर्षी त्यांनी आपल्या घरी साधू व कार्यकर्त्यांसाठी स्वयंपाक केला. 'अन्न बांधून द्या, वाटेत खाऊ' असे सांगून ते नेण्यात आले आणि रस्त्याच्या कडेला टाकून देण्यात आले. ही हकीकत त्यांनी स्वतः आपल्या पुस्तकात सांगितली आहे. ज्या हिंदुत्वासाठी प्राण द्यावयास निघालो त्यात आपल्या हातच्या पुरीलाही जागा नाही, हे त्या दिवशी त्यांस कळले. त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

त्यानंतर त्यांनी काय केले ते पाहा. ते लगेच कोणाच्या मंचावर चढले नाहीत. गावोगाव हिंडून त्यांनी पत्रकारिता केली, मजूर-किसानांच्या संघटनेत काम केले, दलितांवरील अत्याचारांची प्रकरणे हाती घेतली. 'मैं एक कारसेवक था' हे त्यांचे पुस्तक २०१९ साली निघाले, म्हणजे त्या टाकलेल्या अन्नानंतर सुमारे अठ्ठावीस वर्षांनी! त्यात आपणही मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरविला होता हे त्यांनी लपविलेले नाही. आधी काम व मग कथा, असा हा क्रम आहे. जुना द्वेष सोडताना त्याच्या जागी नवा द्वेष त्यांनी बसविला नाही, हे त्याहून मोलाचे.

आपल्या धम्मात तर या प्रश्नाचे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेविले आहे. अंगुलिमालाची कथा परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम घेतली. आपण ती मुलांना सांगतो. परंतु बहुधा अर्धीच सांगतो. तथागतांनी त्या दरोडेखोरास जवळ केले, संघात घेतले, येथवर सर्वांस ठाऊक असते. परंतु मूळ पाली सुत्तात पुढेही एक प्रसंग आहे. भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेस गेला असता लोकांनी त्यास दगडधोंडे मारले. फुटलेले डोके व फाटलेले चीवर घेऊन तो परत आला, तेव्हा तथागतांनी लोकांना दोष दिला नाही. हे सहन कर, असे त्यालाच सांगितले. त्यास आसरा मिळाला होता, परंतु त्यामुळे त्याच्या कृत्यांचे फळ पुसले गेले नव्हते. आणि ज्यांच्या घरची माणसे त्याने मारली त्यांनी त्याचे पाय धरावेत, अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. करुणा आणि न्याय यांची इतकी स्वच्छ वाटणी मला कायद्याच्या ग्रंथांतही आढळलेली नाही.

यावरून माझे मत असे बनले आहे. परत येणाऱ्यास वाट अवश्य द्यावी, परंतु चार गोष्टी पारखून घ्याव्यात. ज्यांचे नुकसान केले त्यांच्याकडे तो प्रथम गेला काय, की थेट सभेकडे आला? सत्य सांगताना त्याचे स्वतःचे काही खर्ची पडते काय, की प्रत्येक सत्यागणिक त्यास मानधन मिळते? काल एका समाजाविषयी जे बोलत असे तेच आज तो दुसऱ्या समाजाविषयी बोलत नाही ना? आणि हार, मंच व छायाचित्र यांवाचून तो वर्षभर काम करील काय? या कसोट्यांस उतरेल त्यास आपला म्हणावे. न उतरेल त्यास हाकलू नये, थांबण्यास सांगावे.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. माता-पित्यांनो, हा प्रश्न केवळ बाहेरून येणाऱ्या तरुणांचा आहे असे समजू नका. या जिल्ह्यात २०१३ साली सोनईस तिघांचा खून झाला. २०१४ साली खर्ड्यात सतरा वर्षांच्या मुलाला ठार मारण्यात आले व त्या खटल्यातील आरोपी २०१७ साली सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. अशा वार्ता ऐकून आपल्या पोरांचे रक्त उसळते. उसळणारच, न उसळेल तर ते पोर मेलेलेच म्हणावे लागेल. परंतु याच घटकेला कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवण्यास टपलेला असतो. माझ्याकडे एक माउली आपल्या मुलाला घेऊन आली होती. त्याने हाती तलवार घेतल्याचे चित्र मोबाइलवर टाकले होते, खाली सूड घेण्याची भाषा होती आणि दारी पोलीस आले होते. मी त्यास विचारले, 'यातून कोणाला न्याय मिळाला?' तो म्हणाला, 'साहेब, निदान कोणी आपल्याला भ्याले तरी.' हे वाक्य मला विसरता येत नाही. विसापूरच्या छावणीतील त्या तरुणालाही याहून निराळे काय वाटले असेल?

अशा मुलाला दटावून भागत नाही. त्याचे दुःख खरे आहे हे प्रथम मान्य करावे लागते व मग त्याच्या हाती खरे काम द्यावे लागते. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आपल्या हाती आहे. फिर्याद वेळेत नोंदली जाते की नाही हे पाहणे, साक्षीदाराला धीर देणे, तारखेस त्याच्यासोबत न्यायालयात जाणे, ही कामे तलवारीच्या चित्राहून कठीण आहेत. खटले कोठे ढासळतात, तर बहुधा साक्षीदार एकटा पडतो तेथे. ज्या तरुणांना समाजासाठी प्राण द्यावयाचे आहेत, त्यांनी आधी महिन्यातील दोन दिवस द्यावेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून देण्यास सांगितले, ते आपणांस भित्रे करण्यासाठी नव्हे. ज्या समाजाकडे संख्या, पैसा व शस्त्र यांपैकी काहीच नाही, त्याचे एकमेव बळ कायदा होय. आणि ते बळ आपल्याच हाताने मोडू नये, हा त्यातील शहाणपणा होता.

त्या बैठकीचे काय झाले, हे आपण विचाराल. तरुणाला असा निरोप धाडण्यात आला की, ज्यांची टपरी तू उलथविलीस त्यांच्याकडे आधी जा. तो गेला. वृद्ध गृहस्थांनी सर्व ऐकून घेतले. 'माफ केले' असे ते म्हणाले नाहीत, 'बस' एवढेच म्हणाले. जयंतीच्या दिवशी तो मंचावर नव्हता. सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळणाऱ्या पोरांत मला तो दिसला. कोणी त्यास हार घातला नाही आणि कोणी हटकलेही नाही.

पुढील वर्षी तो बोलेल किंवा न बोलेल. ते त्याच्या वर्तनावर राहो. परंतु द्वेषातून परतणाऱ्याला थारा देणारे, पण त्याला पुन्हा उंच चढवून भोवळ न आणणारे असे एक तरी ठिकाण गावोगाव असले पाहिजे. ते ठिकाण आपले विहार का असू नये?